शेगडीवाला शिवदास

बहारीनमध्ये घरं गरम करणारा एक प्लंबर आमच्या खालच्या खोलीत राहायचा, असं मी सांगितलं की आमच्या दाभोळची माणसं माझ्याकडे बघून हसतात. हसू देत बापडी. त्यांनी गल्फ पाहिलं ते दुसऱ्यांच्या पोरांनी आणलेल्या सुटकेसमधून. तिथे वाळू असते आणि ऊन असतं, झालं त्यांचं गल्फ. जानेवारीत मुहर्रकच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना शमाल सुटला, म्हणजे उत्तरेचा वारा सुटला, की चिमटा लावता लावता बोटं कशी वाकडी व्हायची ते त्यांना काय माहीत!

मी शहात्तर साली लग्न होऊन तिकडे गेले. माझा नवरा गनी बंदरावरच्या एका गोदामात कारकून होता. मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे आमचं घर, विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना मांडणीतले पेले थरथरायचे. वरच्या दोन खोल्या आमच्या, खालची एक शिवदासची. शिवदास खाडीपलीकडचा, धोपाव्याच्या बाजूचा. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की त्याच्या वाडीतल्या माडांचे शेंडे दिसायचे. परक्या मुलखात एवढं नातं पुष्कळ होतं. पहिल्याच आठवड्यात तो जिन्याखाली उभा राहून म्हणाला, ‘‘भाभी, कोळंबीचा वास आला. आमच्याकडं अशीच करतात.’’ म्हणजे काय, ते मला कळलं. तेव्हापासून त्याचा डबा माझ्याकडे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी बांगडा. मटण असलं तर तो नको म्हणायचा, मीही आग्रह करत नव्हते. दोघांनाही त्यात काही वाटायचं नाही.

माणूस कसा होता म्हणाल, तर अंगाने सुपारीच्या झाडासारखा, आणि बोलायला महाग. हातात पाना असेल तेवढाच बोलका. आमच्या मोरीचा नळ दुरुस्त करताना नळाला दोन टिचक्या मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, ‘‘घसा बसलाय ह्याचा.’’ घरी कधी कधी एकाच पायात चप्पल घालून यायचा. दुसरी कुठे गेली विचारलं की म्हणायचा, ‘‘कामाला लागली.’’ मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मग त्याने समजावून सांगितलं, आणि त्याचं सगळं कसब त्या चपलेत होतं.

बुसैतीनला, आमच्याच बेटावर पण जरा बाहेरच्या अंगाला, यूसुफ नावाच्या एका व्यापाऱ्याचा बंगला होता. हा यूसुफ इंग्लंडला शिकून आला आणि येताना दोन खोडी घेऊन आला, चहात थंड दूध घालायची आणि भिंतीला गरम लोखंड लावायची. नवा बंगला बांधताना त्याने खोल्याखोल्यांतून भिंतीला टेकून पांढऱ्या लोखंडी पाट्या बसवल्या. त्यांना रेडिएटर म्हणायचे. मागच्या अंगणात डिझेलवर चालणारा बॉयलर. तिथे तापलेलं पाणी नळ्यांमधून सगळ्या पाट्यांमध्ये फिरायचं आणि पुन्हा बॉयलरकडे यायचं. गच्चीवर एक छोटी टाकी, कमी पडेल तेवढं पाणी वरून पुरवायला. सगळं बुसैतीन हसलं. वर्षातले दहा महिने जिथे माणूस एसीच्या तोंडाशी जाऊन बसतो, तिथे हा भिंती तापवतोय! पण यूसुफची आई हसली नाही. तिला सगळे उम्म यूसुफ म्हणायचे, यूसुफची अम्मा. तिचे गुडघे संधिवाताने धरलेले. हिवाळ्याचे दोन महिने ती त्या पाटीला पाठ लावून बसायची, पाटीवर संत्र्याच्या साली वाळत टाकायची आणि म्हणायची, माझा यूसुफ इंग्लंडात जाऊन हे एक शहाणपण शिकला.

त्या यंत्रणेची देखभाल शिवदासकडे. कुणा इंग्रज फोरमनच्या हाताखाली तो ते शिकला होता आणि यूसुफच त्याचा स्पॉन्सर. कठीण भाग असा, की कुठे नळी गळली की सगळं पाणी सोडून द्यायची सोय नव्हती. त्या काळात मुहर्रकच्या नळाला खारट पाणी यायचं, पिण्याचं गोडं पाणी विकत आणावं लागायचं. यूसुफच्या नळ्यांत गोडं पाणी भरून त्यात गंज न लागायचं औषध घातलेलं. ते सोडायचं म्हणजे पुन्हा सगळं आणा, भरा, नळ्यांत अडकलेली हवा पाटीपाटीतून काढत बसा, आणि तोवर घर थंड. म्हणून शिवदास पाणी सोडतच नसे. गच्चीवर जायचा, रबरी चपलेच्या तळातून कापलेली बुचं टाकीच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडात ठोकायचा आणि खाली येऊन खुशाल नळी कापायचा. कपभर पाणी सांडायचं, बाकीचं आत लटकून राहायचं. आपण लहानपणी पपईच्या देठाच्या नळीत पाणी ओढून वरच्या तोंडावर बोट दाबायचो, आणि पाणी खाली पडायचं नाही, तसंच ते.

पण थेंब थेंब यायचंच. आणि नळी ओली असली की सांध्यावर कथलाचा डाग धरत नाही, कल्हईवाल्याला विचारा. त्यावर फोरमनने त्याला युक्ती शिकवली होती. पावाचा मऊ भाग घ्यायचा, बोटाने नळीत आत कोंबायचा. तो पाणी अडवून धरतो, तेवढ्यात डाग देऊन घ्यायचा. मग पाणी सुरू केलं की पाव विरघळून वाहून जातो, खालच्या तोटीतून बादलीभर पाणी काढलं की खलास. शिवदास त्यासाठी इराणी भट्टीवरची ताजी खुब्ज, म्हणजे तिकडची मऊ रोटी, न्यायचा. एका पायातली चप्पल आणि एक खुब्ज, एवढ्यावर हा माणूस बंगला सांभाळायचा.

आता त्याचं दुःख सांगते. गावी दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर जायचा. एका गणपतीत वाडीत कुणीतरी विचारलं, तिकडे काम काय करतोस. हा म्हणाला, घरं गरम करतो. तिथे एक दुबईला ड्रायव्हर असलेला गुंडू नावाचा दीडशहाणा बसला होता. तो म्हणाला, ‘‘तिथं माणूस भाजून निघतो नि हा घरं गरम करतो! काय थापा मारायच्या त्याला काय धरबंध?’’ सगळा मांडव हसला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं शेगडीवाला. पुढच्या खेपेला हा रेडिएटरचा फोटो घेऊन गेला, तर लोक म्हणाले, हे कुठलं फाटक? नावापर्यंत ठीक होतं. पण विहिरीवर बायकांनी त्याच्या बायकोला, शेवंतीला, सांगायला सुरुवात केली की बाई गं, जो माणूस कामाबद्दल खोटं बोलतो त्याने तिकडे काय काय लपवलं असेल ते देव जाणे. निघताना एसटीच्या थांब्यावर शेवंती त्याला म्हणाली, ‘‘खरं काय ता सांगा. मी काय बोलायची नाय.’’ त्याने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली. शपथ घेतल्यावर तर तिचा चेहरा आणखीच उतरला.

हे त्याने मला एकदाच सांगितलं, आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून, आणि पुढे म्हणाला, ‘‘भाभी, तिला एकदा इथं आणणार. तिच्या हातान त्या पाटीला हात लावून बघूदे. मग मेलो तरी चालेल.’’ मी म्हटलं, मरायची काय गरज आहे, व्हिसा काढ. व्हिजिट व्हिसाच्या कागदावर यूसुफची सही पाहिजे होती. शिवदासने धीर करून त्याच्याजवळ शब्द टाकला. यूसुफ म्हणाला, ‘‘इंशाल्ला.’’ तो वाईट माणूस नव्हता, पण कामाच्या गराड्यातला. हिवाळा सरला, उन्हाळा सरला, इंशाल्ला तिथेच. शिवदासने पुन्हा आठवण केली नाही. मी टोचायची, तो म्हणायचा, एकदा सांगितलंय ना. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात, आणि हा तर शब्दही काढायला तयार नाही!

ब्याऐंशी सरता सरता असा काही शमाल सुटला की पुसू नका. जानेवारीत उम्म यूसुफ खोकल्याने अंथरुणाला लागली. डॉक्टरांनी बजावलं, खोली गार होता कामा नये. आणि नेमकं आठवडाभरात तिच्याच खोलीच्या भिंतीतली नळी गळायला लागली. दुष्काळात तेरावा महिना. यूसुफने शिवदासला बोलावून सांगितलं की आईची खोली एक दिवससुद्धा थंड राहता कामा नये. मग स्वतःहूनच म्हणाला, ‘‘तुझ्या बायकोचा कागद टेबलावर आहे. हे काम झालं की बघतो.’’ शिवदास त्या दिवशी जिना चढून वर आला, एरवी खालूनच हाक मारायचा. म्हणाला, ‘‘कागद टेबलावर आलाय, भाभी.’’ मी त्याला गूळ दिला.

शुक्रवारी काम करायचं ठरलं. मी सकाळी डबा भरला, दोन भाकऱ्या आणि सोड्यांची चटणी. तो निघाला तो दोन्ही पायांत धड चपला आणि पिशवीत बुचं घेऊन. संध्याकाळच्या अजानच्या जरा आधी परत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

‘‘भाभी, एक विचारू? तांदळाची भाकरी गरम पाण्यात किती वेळान विरघळते?’’

मी म्हटलं, ‘‘विरघळते? अरे, उकड काढून केलेली भाकरी आहे ती, साबण नाही. गरम पाण्यात राहिली तर परत शिजेल नि चिवट गोळा होईल. का रे?’’

तो खाली बसला. मग थोडं थोडं करून बाहेर आलं. नळी कापली, पाणी लटकलं, सगळं यथासांग झालं. पिशवीत हात घातला, तर खुब्ज नाही. जुम्म्याची नमाज, भट्टी बंद, ते त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नळीतून थेंब थेंब चालू, बॉयलर बंद, पलीकडे म्हातारी खोकतेय. डब्यात माझी भाकरी. त्याने भाकरीचा तुकडा मळून नळीत कोंबला. डाग तर सुरेख बसला. पाणी सुरू केलं, बॉयलर पेटवला, घरभर पाट्या तापल्या. तापली नाही ती एकच, उम्म यूसुफच्या खोलीतली. भाकरी वाहत जाऊन बरोबर तिच्याच पाटीच्या व्हॉल्वमध्ये बसली होती.

मला आधी राग आला तो माझ्या भाकरीचा. पहाटे उठून चुलीपाशी हात भाजून घेतलेली भाकरी ह्याने नळाला बूच म्हणून लावली! मी बोलायचं ते सगळं बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘माझं काय नाय. म्हातारी गारठतेय.’’ तेव्हा मात्र माझी जीभ थांबली.

गनी बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होता. तो कारकून माणूस, त्याचं डोकं कागदाच्या बाजूने चालायचं. म्हणाला, ‘‘हे बघ शिवदास, व्हॉल्व खराब झालाय असं सांग. नवीन इंग्लंडहून मागवायला लागेल म्हण. ते काय उघडून बघणार हायत? उद्या कागदावर सही होऊदे, मग काय तो गोळा काढ.’’ शिवदासने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हटलं, मी येते. बायकांच्या खोलीत जायचंय, आणि भाकरी माझी आहे.

त्याच्या पिकअपमधून आम्ही तिघं बुसैतीनला गेलो.  यूसुफ घरी नव्हता, मनामा शहरात कुणाच्या मजलिसीला गेला होता. त्याची बायको मुनीरा आम्हाला आत घेऊन गेली. गनी बाहेर थांबला. उम्म यूसुफचा नवरा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचा, लग्नानंतर तीही काही वर्षं तिथे राहिलेली. त्यामुळे तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. ती तीन रजया घेऊन पडली होती आणि एक हात रजईबाहेर काढून तिने त्या गार लोखंडावर ठेवला होता. आम्हाला बघून म्हणाली, ‘‘शीवा, ये क्यों सो गया?’’

मी शिवदासकडे बघितलं. इंग्लंडहून यायचा तो व्हॉल्व त्याच्या ओठांपर्यंत आला असेलही. पण त्याची नजर तिच्या त्या हातावरून हलेना. म्हणाला, ‘‘अम्मा, व्हॉल्व ठीक है. गलती मेरी है. मैंने अंदर भाकरी डाली.’’

तिला काही कळेना. मग मी पुढे होऊन सगळं सांगितलं, चपलेपासून उकडीपर्यंत. सांगताना मनात तो टेबलावरचा कागद फडफडत होता. म्हातारीने ऐकून घेतलं आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकल्याची उबळ आली, मुनीराने पाणी दिलं. उबळ थांबल्यावर मात्र हसू गेलं. तिने विचारलं, ‘‘भट्टी बंद होती, ठीक. माझ्या घरात खुब्ज नव्हती? आज शुक्रवार. स्वयंपाकघरात टोपली भरलेली होती. तू दारातून हाक का मारली नाहीस?’’

शिवदास फरशीकडे बघत उभा. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या घरात त्याने एक मोठं मागणं घातलं होतं. ते मागणं टेबलावर पडून होतं तोवर दुसरं काही मागायला त्याची जीभ उचलत नव्हती, भाकरीचा तुकडासुद्धा नाही. आम्ही कोकणातली माणसं अशीच. उपाशी राहू, पण दोनदा हात पसरणार नाही, आणि ह्या अवलक्षणाला मानीपणा म्हणू. मी चिडले होते, आणि मला त्याचा गहिवरही आला होता. मग मी उम्म यूसुफला सगळंच सांगून टाकलं. शेवंती, तिचा कागद, गणपतीतला मांडव, शेगडीवाला, फाटकाचा फोटो, एसटीच्या थांब्यावरची शपथ. शिवदास मध्ये मध्ये ‘‘भाभी, ऱ्हाऊ दे,’’ म्हणत होता. मी कसली राहू देतेय!

 म्हातारी म्हणाली, ‘‘माझा नवराही मुंबईहून यायचा तेव्हा सांगायचा की तिथे दोन मजली बस असते. माझी सासू म्हणायची, खोटं बोलतो.’’ एवढं बोलून तिने मुनीराला टोपली आणायला लावली. खुब्जचा मऊ भाग आपल्या वाकड्या बोटांनी तोडला, गोळी केली आणि शिवदासच्या हातावर ठेवली. ‘‘यल्ला,’’ म्हणाली, म्हणजे चल, लाग कामाला.

शिवदास गच्चीवर गेला, बुचं ठोकली. बॉयलर बंद करून पाणी निवू दिलं. मग व्हॉल्वखालची नळी कापली, तार वाकवून आत घातली आणि ओढली. बाहेर आला पांढरा, चिवट, बोटाएवढा गोळा. मोदकाची उकड बिघडली की होते तसा. माझ्या हातची भाकरी किती मजबूत असते ते मला त्या दिवशी कळलं. उम्म यूसुफने तो गोळा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग खुब्ज आत गेली, डाग बसला, पाणी फिरलं, आणि हळूहळू ती पाटी कोमट, मग ऊन होत गेली. म्हातारीने तिच्यावर हात ठेवून डोळे मिटले.

आम्ही निघणार तोच यूसुफ आला. आईने त्याला सगळं अरबीतून सांगितलं. त्यातलं मला अर्धंच कळलं, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्या कळल्या. तो शिवदासला म्हणाला, ‘‘रोटी? माझ्या नळ्यांत?’’ मग आईने त्या कागदाचं काढलं. यूसुफ म्हणाला, ‘‘इंशाल्ला, यूम्मा.’’ त्यावर ती जे बोलली ते मला पूर्ण कळलं, आणि अजून पाठ आहे. म्हणाली, ‘‘अल्लाची मर्जी असेल ती असेल. तू तुझी सांग.’’ यूसुफने खिशातून पेन काढलं.

सही झाली म्हणजे व्हिसा झाला असं कुणी समजू नये. इमिग्रेशनच्या खिडक्या, आठवड्यात येतो म्हणता म्हणता राहिलेला शिक्का, मुंबईतला एजंट, ह्यात हिवाळा निघून गेला. फेब्रुवारी संपला, मार्चमध्ये शमाल मऊ झाला. बुसैतीनचा बॉयलर बंद झाला. शेवंती आली तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं. शिवदास विमानतळावर नवी चप्पल घालून गेला, दोन्ही पायांत. पण चेहऱ्यावर आनंदाच्या पोटात काहीतरी बोचत असल्यासारखं. मला कळत होतं. तीन महिन्यांचा व्हिसा. तिला दाखवायचं तेच नेमकं थंड पडलं होतं.

शेवंती ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली, डोळ्यांनी जग मोजणारी बाई. माझ्याकडे दोन दिवसांत रुळली. भाकऱ्या माझ्याहून पातळ करायची, हेही मान्य करते. पण बहारीनचं ऊन बघून तिच्या मनातली गाठ सुटायच्या ऐवजी आवळत चालली होती. एकदा लसूण सोलता सोलता मला म्हणाली, ‘‘हुस्नाभाभी, हयसर घरं गरम करतात ह्या तुम्ही तरी बघितलाव काय?’’ मी म्हटलं, बघितलंय बाई, माझी भाकरी खाल्लीय त्या घराने. ती नुसतीच हसली. मी तिच्या नवऱ्याच्या बाजूची, मी हो म्हणणारच, असं ते हसणं होतं. शिवदास म्हणायचा, ‘‘पुढच्या हिवाळ्यात परत आणीन.’’ पण पुढचं कुणाच्या हातात असतं? आणि तसंच झालं. पुढच्या हिवाळ्याआधी उम्म यूसुफ गेली. यूसुफने दोन वर्षांत त्या पाट्या उचकटून काढल्या आणि एसी वाढवले. शिवदासही शहाऐंशीत कायमचा गावी परतला. ती थंडी, ते घर, सगळंच गेलं. जानेवारी आला की मला अजून तिथल्या संत्र्याच्या सालींचा वास येतो, दाभोळात शमाल नसला तरी.

पण शेवंती तिथे असतानाच एका शुक्रवारी उम्म यूसुफचा निरोप आला, शीवाच्या बायकोला घेऊन या. आम्ही चौघं गेलो. फाटकातून आत शिरलो आणि शिवदास एकदम थांबला. मागच्या अंगणातून घुमल्यासारखा आवाज येत होता.

‘‘बॉयलर चालू हाय,’’ तो म्हणाला आणि काहीतरी बिघडलं म्हणून धावतच सुटला.

काही बिघडलेलं नव्हतं. मुनीरा दारातच उभी होती, ओढणीने मान पुसत. म्हणाली, अम्माने सकाळपासून लावायला लावलाय, कुणाचं ऐकत नाही. आत गेलो तर खोली म्हणजे नुसती भट्टी. एसी बंद. उम्म यूसुफ गादीवर बसून खजुराच्या पात्यांच्या पंख्याने वारा घेत होती, चेहरा लालबुंद, कपाळावरून धारा. शेवंतीला बघून तिने हात पुढे केला, तिला जवळ ओढलं आणि तिचा हात धरून सरळ त्या पांढऱ्या पाटीवर ठेवला.

 शेवंतीने आधी पाटीकडे बघितलं, मग खालच्या नळीकडे, मग तिच्यावरच्या चकचकीत कथलाच्या डागाकडे. मग वळून नवऱ्याकडे बघितलं. शिवदास दारात उभा होता, परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा.

‘‘खरंच हो,’’ ती म्हणाली.

हात तसाच. शिवदास पुढे आला, म्हणाला, ‘‘काढ हात, भाजेल.’’

‘‘भाजूंदे,’’ ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. ‘‘इतकी वर्सं लोकांचा ऐकून घेतलंय मी. त्याच्यापेक्षा काय जास्त भाजताय?’’

मलाही रडू आवरेना. घाम कुठला आणि पाणी कुठलं ते कळत नव्हतं. उम्म यूसुफने मला विचारलं, ही काय म्हणतेय? मी कसंबसं सांगितलं. म्हातारीने मान हलवली, डोक्यावरच्या काळ्या ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं आणि बाहेर बघून सुनेला हाक मारली.

‘‘मुनीरा, हिने हात काढल्याशिवाय बॉयलर बंद करायचा नाही.’’